कॅमेऱ्यावर दुपट्टा टाकणारे बाबा

पत्र :

ताई, मी ४६ वर्षांची, नागपुरात नंदनवनला सासरी राहते. बाबा त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरी एकटे असतात. पाटबंधारे खात्यातून ५८ व्या वर्षी रिटायर झाले, आता ७४ पूर्ण आहेत. आई तीन वर्षांपूर्वी गेली. पोळ्या-भाजीला बाई येते, बाकी बाबा स्वतःचं स्वतः करतात. सकाळी अंबाझरीला फिरणं, आठवड्यातून दोनदा महालात जुन्या मित्रांकडे कॅरम, सगळं स्कूटरवर.

जुलैमध्ये पावसात स्कूटर घसरली आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. दादा बंगळुरूहून आला. चार दिवसांत त्याने हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरे लावले, बाबांच्या बँक खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडला आणि जाताना स्कूटरच्या दोन्ही चाव्या घेऊन गेला. मला विचारलं नाही, बाबांना तर नाहीच. प्लास्टर निघून आता महिना झाला. बाबा रोज दुपारी चारला हॉलमधल्या कॅमेऱ्यावर आपला दुपट्टा टाकतात आणि सहाला काढतात. दादाला मोबाइलवर अंधार दिसला की तो मला फोन करतो, "जाऊन बघ." मी गाडी काढून शहराच्या या टोकाहून त्या टोकाला धावते, तर बाबा पेपर वाचत बसलेले! यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक बघायलाही दादाने जाऊ दिलं नाही. तेव्हापासून ते आम्हा दोघांशी कामापुरतंच बोलतात. परवा एवढंच म्हणाले, "मी का लहान पोट्टा आहे का?"

शेजारच्या काकू म्हणतात, या वयात एकटं ठेवलंच कसं. सासरी म्हणतात, म्हातारं माणूस पोरासारखंच होतं, मनावर घेऊ नको. दादा दसऱ्याला येतोय. घर विकायचं आणि बाबांना बंगळुरूला न्यायचं, असं त्याचं ठरलंय. मला त्याचं सगळंच चुकीचं वाटत नाही. उद्या खरंच काही झालं तर? मी काय करू?

- एक मुलगी, नंदनवन

उत्तर :

नमस्कार,

उत्तर लांबणार आहे, म्हणून निकाल आधी सांगते. कॅमेरे काढायचे. बँकेतला नंबर पुन्हा बाबांचा करायचा, तो मात्र दसऱ्याची वाट न बघता. स्कूटरच्या चाव्या परत मागवायच्या, पण हातात देण्याआधी दोन-तीन तपासण्या करून घ्यायच्या. आणि घर विकण्याचा विषय दसऱ्याच्या जेवणावर निघू द्यायचा नाही. मी स्वतः अडुसष्टची आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार हे तुम्ही ओळखलंच असेल. तेवढं वजा करून वाचा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडला तो दुपट्टा. तुम्हाला त्यात बहुधा हट्ट दिसतोय. मला नाही दिसत. पाटबंधाऱ्यात नोकरी केलेल्या माणसाला एक वायर उपटता येत नाही का? पण त्यांनी वायर उपटली नाही, कॅमेरा फोडला नाही, दादाशी भांडण काढलं नाही. रोज चारला झाकतात आणि सहाला स्वतःच्या हाताने उघडतात. म्हणजे दिवसाचे बावीस तास त्यांनी लेकाला दिले आणि दोन स्वतःकडे ठेवले. सध्या तुमच्या घरात तडजोड करणारा माणूस हाच एक दिसतो. त्या दोन तासांत ते काय करतात, हे विचारायला जाऊ नका. पेपर वाचत असतील, आईच्या फोटोशी बोलत असतील, नाहीतर बनियनवर पंख्याखाली घोरत असतील. आपल्याच हॉलमध्ये आपण काय करतो, याचा हिशेब कुणी कुणाला का द्यावा?

दादाची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. हजारेक किलोमीटरवर बसून रात्री वडिलांना फोन लावावा आणि नुसती रिंग वाजत राहावी, तेव्हा पोटात कसा गोळा येतो हे ज्यांची मुलं-माणसं लांब आहेत त्या सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न असा आहे की कॅमेऱ्याने ही भीती कमी होते का. तो लावला कुठे? हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात. उतारवयात घरात माणूस पडतो तो बहुतेकदा ओल्या बाथरूममध्ये, किंवा रात्री लघवीला उठल्यावर पलंगापासून तिथवर जाण्याच्या वाटेवर. तिथे कॅमेरा नाही, आणि नसायलाच हवा. मग दादाला दिसतं काय? पेपर वाचणारे बाबा. आणि समजा, पडलेले दिसलेच, तरी बंगळुरूहून उचलायला हात कुणाचे येणार आहेत? शेजारच्या काकूंचेच ना?

तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी बाथरूमकडे बघा. कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे दांडे हवेत. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठण्याची सवय अनेक घरांत असते आणि ती दांडी एक दिवस हातात येते. फरशी गुळगुळीत असेल तर वर खरखरीत मॅट. आतली कडी अशी, की वेळ पडल्यास बाहेरून उघडता येईल. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा एक बारका दिवा. दारात ते सरकणारं पायपुसणं असेल तर आजच उचला. फोन चार्जिंगला हॉलमध्ये नाही, उशाशी. आणि काकूंकडे घराची एक किल्ली. तुमच्याकडे पेपर सकाळी सातपर्यंत फाटकात पडत असेल. नऊपर्यंत तो तसाच दिसला तर काकूंनी बेल वाजवायची, एवढं ठरवून टाका. ‘एकटं ठेवलंच कसं’ म्हणणाऱ्या माणसाला काम दिलं की ती माणसं फार छान वागतात, असा माझा अनुभव आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यातही करता येते. तीही करून ठेवा.

नागपुरात याहून मोठी काळजी उन्हाळ्याची करायला हवी. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता, हे तुम्हाला आठवत असेल. वय वाढलं की तहानच कमी लागते, त्यात ब्लड प्रेशरची लघवी वाढवणारी गोळी चालू असली की अंगातलं पाणी आणखी कमी होतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. एप्रिल लागला की कूलरची टाकी भरायला त्यांना स्टुलावर चढावं लागतं का, हे बघा. स्कूटरपेक्षा मला त्या स्टुलाची धास्ती जास्त वाटते.

आता तुमच्या सासरचं ते वाक्य. म्हातारं माणूस पोरासारखं होतं! प्रेमाने म्हणतात, मला ठाऊक आहे. पण पोराला आपण काय करतो? चालायला शिकताना दहा वेळा पडू देतो, गुडघे फुटले तर हळद लावतो आणि पुन्हा उभं करतो. बाबा एकदा पडले आणि तुम्ही त्यांची गाडीच काढून घेतलीत. मग पोरासारखं तरी कुठे वागवताय?

एक जुनी समजूतही इथे दूर करते, कारण दसऱ्याला ती कुणीतरी काढणारच : ‘पूर्वी एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांना केवढा मान होता!’ तो मान मी बघितलाय. सातबारा आणि तिजोरीची किल्ली ज्यांच्या हातात, त्या आजोबांना होता. त्याच वाड्याच्या मागच्या खोलीत एक विधवा आत्या असायची, तिच्या ताटात भाजी उरली तर पडायची. मान वयाला नव्हता, मालकीला होता. शिवाय त्या काळी म्हातारी माणसं होतीच किती? स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. लहान मुलं फार दगावत म्हणून तो आकडा इतका खाली, हे खरं. तरी साठीची शांत करणं हा मोठा सोहळा होता तो काही उगाच नाही. आज सरासरी सत्तरीपर्यंत आलीय. साठी गाठलेल्या माणसाला पुढे आणखी अठराएक वर्षं मिळतात, आणि २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. तुमच्या बाबांना रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. इतकी वर्षं कशी जगायची याचा नमुना त्यांच्यासमोर नव्हता. त्यांच्या वडिलांनी ती जगून दाखवली नव्हती. कॅरम, अंबाझरी, मित्र, स्कूटर हा कार्यक्रम त्यांनी स्वतः बसवला, आईनंतर तोच टिकवला. तीन वर्षांपूर्वी बायको गेलेला माणूस अंधारात बसून राहिला असता, तर आज तुम्ही मला वेगळं पत्र लिहिलं असतं.

म्हातारपणाकडे बघायची नजर बदलतेय असं सगळे म्हणतात. बदलतेय, नाही कशाला म्हणू? सत्तरीची जोडपी लडाखला जातात, साठीच्या बाया पोहायला शिकतात, आपल्या नागपुरात तर कराओकेवर गाणाऱ्या आजोबांचे इतके ग्रुप झालेत की हॉल मिळत नाहीत. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून तिकीट नाही. त्या वर्षापासून कोण कुठे भटकून आलं याच्या बातम्या बागेत रोज ऐकू येतात. पण हे कौतुक माणूस फोटोत छान दिसतो तोवरच. एकदा पाय घसरला की एका रात्रीत त्याचा कारभार मुलांच्या हाती जातो. मागची पिढी म्हाताऱ्यांना दुर्लक्ष करून छळायची. आताची पिढी लक्ष ठेवून छळते. दुसरं बरं, यात शंका नाही. पण छळ तो छळच.

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोघींनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होमच्या दोन मजल्यांवर तो केला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तुमच्या खोलीत काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते ठरवा, आणि हे रोप घ्या, त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिलं, सिनेमाही होता. फक्त दिवस संस्थेने ठरवला आणि पाणी नर्सने घातलं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसू लागली, एकमेकांत जास्त मिसळू लागली. प्रयोग लहान होता, पुढच्या पाहणीतल्या मृत्यूच्या आकड्यांवरून वादही झाले, त्यामुळे मी त्याला फार ताणणार नाही. पण तुमच्या घरात नेमकं काय झालंय ते यातून कळतं. दादाने बाबांची व्यवस्था उत्तम केली. त्यात बाबांना ठरवायला काहीच ठेवलं नाही. मग त्यांनी दुपट्टा घेतला.

आता स्कूटर. इथे मी बाबांच्याही बाजूने आंधळेपणाने बोलणार नाही, कारण रस्त्यावर ते एकटे नसतात. त्यांच्या स्कूटरसमोर एखादं शाळकरी पोर येऊ शकतं. म्हणून वयाकडे न बघता जे मोजता येतं ते मोजा.

मनगट आधी. डावं मनगट मोडलंय आणि बिनगिअरच्या स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हातात असतो. पावसात गाडी थांबवताना तोही ब्रेक नीट दाबता यायला हवा. प्लास्टर निघालं म्हणजे पकड परत आली असं नव्हे. चार-सहा आठवडे बांधलेला हात पुन्हा ताकद धरायला वेळ घेतो. फिजिओथेरपी झाली का? पत्रात उल्लेख नाही. नसेल झाली, तर तीच पहिली. पाण्याची भरलेली बादली डाव्या हाताने उचलून नेताना दुखत असेल, तर ब्रेकची वेळ अजून यायची आहे. आणि ही अट बाबांना स्वतःला पटेल, कारण ती हाताची आहे, वयाची नाही.

मग डोळे. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, आणि ते माणसाला सवयीने कळतही नाही. संध्याकाळनंतर गाडी चालवायची की नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या उत्तरावर ठरेल. कानही तपासा, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा.

तिसरी तपासणी अनेक घरांत राहून जाते. ब्लड प्रेशर फक्त बसवून नाही, पाच मिनिटं आडवं झोपवून आणि मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा जास्त, नाहीतर खालचा दहा किंवा जास्त उतरला, तर चक्कर येण्याचं कारण सापडलं. प्रोस्टेटच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, सर्दीवर आपण मेडिकलमधून स्वतःच आणतो त्या गोळ्या, यांचा त्यात हात असू शकतो. गोळी बदलली की माणूस बदलतो. बाबांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. आणि डॉक्टरांच्या खोलीत उत्तरं बाबांना देऊ द्या. डॉक्टर तुमच्याकडे बघून ‘यांना झोप येते का?’ असं विचारतील. तुम्ही बाबांकडे बघायचं.

गाडीचंही वय झालं असेल. जुन्या स्कूटरची ब्रेकची केबल कडक होते, टायर गुळगुळीत होतात. जुलैमध्ये जी घसरली ती स्कूटर होती, बाबांचं वय नव्हे. सिमेंट रस्ता आणि त्याच्या कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामधल्या फटीत ओलं चाक अडकून पंचविशीची पोरंही रोज पडतात.

यातून डॉक्टर ‘चालवा’ म्हणाले, तर चावी द्यायची आणि अटी बाबांनाच घालू द्यायच्या. बघा, ते तुमच्यापेक्षा कडक अटी घालतील : अंधारात नाही, पावसात नाही, वर्धा रोडला नाही. ‘चालवू नका’ म्हणाले, तर ते डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकायचं, तुमच्या किंवा दादाच्या नाही. त्याआधी जाण्यायेण्याची दुसरी सोय त्यांच्या पायाखाली आलेली हवी. मेट्रो त्यांनी कधी वापरली का? २०२२ च्या डिसेंबरपासून सुभाषनगरवरून जाणारी लाइन थेट प्रजापतीनगरपर्यंत जाते. सुभाषनगरला बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची भानगड नाही, चितार ओळीला उतरायचं. तिथून महाल ते डोळे मिटून जातील. घरापासून सुभाषनगरपर्यंत ओळखीचा एक ऑटोवाला महिन्याच्या हिशेबाने लावता येतो. पहिल्यांदा तुम्ही सोबत जा, पण त्यांना शिकवायला म्हणून नाही. ‘बाबा, मला चितार ओळीत काम आहे, तुम्हाला तो भाग माहीत आहे, चला ना,’ असं म्हणून. ते खोटंही नसावं, काहीतरी काम काढा.

मारबतीचं मात्र मला फार लागलं. प्लास्टर काढून थोडेच दिवस झाले असतील, त्यात इतवारी-महालात त्या दिवशी मुंगीला वाट नसते. न जाण्याचं कारण होतं, मान्य. पण ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाला त्या दिवशी त्रिमूर्तीनगरच्या हॉलमध्ये, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवायचं? कॅरमच्या एखाद्या मित्राच्या गॅलरीतून दाखवता आली असती. एकाने विचारायला हवं होतं, बाबा, कसं करायचं? दादा लांब होता. तुम्ही जवळ होतात. हे टोचेल, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय.

बँकेचा भाग मला सगळ्यात गंभीर वाटतो आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. पेन्शन बाबांची, खातं बाबांचं आणि ओटीपी बंगळुरूला! म्हणजे स्वतःचे पैसे ऑनलाइन भरायला त्यांना मुलाला फोन करून ते आकडे मागावे लागत असणार. दादाने हे फसवणुकीच्या भीतीने केलं असेल. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली रिटायर्ड माणसांना लुटण्याचे प्रकार वाढलेत, भीती रास्त आहे. त्यावर इलाज वेगळा. बँकेत बाबांना घेऊन जा, नंबर त्यांचा करून घ्या, ऑनलाइन पैसे पाठवायची रोजची मर्यादा कमी करून घ्या, आणि मोठ्या ठेवी अशा खात्यात ठेवा की ज्याचं मोबाइल अ‍ॅपच नाही. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हे फ्रिजवर लिहून लावा. सत्तरीपुढच्यांना घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, तेही विचारा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय, त्याआधी हे झालेलं बरं. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो आणि बाबांना ते शिकायला आवडेल असा माझा अंदाज आहे.

घर. बंगळुरूला जाणं वाईटच, असं मी म्हणत नाही. काही लोक जातात आणि रमतात. पण रमायला तिथे कॅरम हवा, मराठी बोलणारं कुणीतरी हवं, आणि दिवसभर घर रिकामं नको. हिवाळ्यात दोन-तीन महिने राहून बघावं, त्रिमूर्तीनगरचं घर कुलूप लावून तसंच ठेवून. परत यायला घर असेल तरच त्या जाण्याला राजीखुशी म्हणता येईल.

कुणी सुचवेल की विकायचं नसेल तर निदान घर मुलांच्या नावावर करून ठेवा. आपल्याकडे राहतं घर मुलाला-मुलीला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क नाममात्र, दोनशे रुपये लागतं, वरचे अधिभार वेगळे. त्यामुळे हा मोह फार होतो. बक्षीसपत्र झालं की त्या दिवसापासून घर बाबांचं राहत नाही. मृत्युपत्रात ते शेवटपर्यंत त्यांचंच राहतं, हवं तेव्हा बदलता येतं, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा जो कायदा आहे, त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळवता येते. पण ती अट कागदात लिहिलेली आहे का, यावरच प्रकरणं अडतात. तुमचा दादा असं काही करेल असं मला अजिबात म्हणायचं नाही. कागद मात्र माणूस चांगला असतानाच नीट करायचे असतात.

दादाशी तुम्ही बोला, दसऱ्याच्या आधी, फोनवर, आणि भांडायच्या सुरात नको. सुरुवात अशी करा : "तुला काळजी वाटते, मलाही वाटते. पण स्क्रीनवर अंधार झाला की तू मला पळवतोस, त्याऐवजी बाबांनाच फोन कर. त्यांच्याकडे फोन आहे." हे वाक्य तुम्ही तीन महिन्यांत बोलला नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं. तुमची धावपळ बाबांसाठी होत नाहीये, दादाच्या मोबाइलसाठी होतेय. तुमचंही घर आहे, नोकरी असेल तर तीही आहे, आणि ‘मला विचारलं नाही’ एवढ्यावर तुम्ही जो राग गिळलाय तो पुढे बाबांवर निघेल. रोज रात्री ठरलेल्या वेळी दादाने स्वतः बाबांना फोन करायचा. तब्येत विचारायला नाही, काहीतरी सांगायला किंवा विचारायला. घराच्या टॅक्सचं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं, कशाचंही. बाबांचा सल्ला त्याने शेवटचा कधी घेतला असेल?

एक अपवाद सांगून ठेवते. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, गॅस चालू ठेवून विसरणं, एकच बिल दोनदा भरणं, कालचं बोलणं आज अजिबात न आठवणं, असं काही दिसू लागलं तर थेट न्यूरोलॉजिस्टकडे जा. तेव्हा हिशेब वेगळा होतो, कॅमेराही लावावा लागू शकतो, तोही होईल तितकं त्यांना सांगून. सध्या तरी घड्याळ बघून दुपट्टा टाकणारा आणि घड्याळ बघून काढणारा माणूस मला शाबूत डोक्याचाच वाटतो.

आणि तुमचा खरा प्रश्न. उद्या काही झालं तर? होऊ शकतं. चावी दिलीत आणि ते पुन्हा पडले, तर सगळे तुम्हालाच बोलतील, मुलगी आहात म्हणून जरा जास्तच. दादाही बोलेल. चावी नाही दिलीत, ते घरात बसून राहिले, पायातली ताकद गेली, मित्र तुटले आणि वर्षभरात हॉलमध्येच पडले, तर तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. ‘वय झालं होतं’ म्हणतील. दोन्हीत धोका आहे. पहिल्यात तो लोकांना दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही, एवढाच फरक. कोणता धोका पत्करायचा हे बाबांनी ठरवायचं. ते जे ठरवतील ते त्यांच्याच शब्दांत दादासमोर बोलून घ्या, म्हणजे ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर राहणार नाही.

कॅमेरे काढायला दादाची वाट बघायची की नाही? बघा. लावले त्याने, काढूही दे त्यालाच, बाबांच्या समोर. तोवर रोज चार ते सहा त्याने अ‍ॅप उघडायचंच नाही, एवढं कबूल करून घ्या. चाव्या कुरिअरने मागवू नका, हरवतील. त्या त्याने येताना आणाव्यात आणि बाबांच्या हातात द्याव्यात, तुमच्या नाही.

मध्ये जे दिवस आहेत त्यात बाबांचं लायसन्स बघून घ्या. पंचावन्न ओलांडल्यावर ते एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं, आणि त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. वरची वयोमर्यादा कायद्यात नाही. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर गिरीपेठेतल्या आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागेल. तसं निघालं तर उलट बरंच. ट्रायल घेणारा परका माणूस असेल, आणि पास की नापास हे त्याने सांगितलेलं बाबा निमूट ऐकतील. गाडीचा इन्शुरन्स संपला नाही ना, हेही त्याच वेळी बघा.